वीतभर पिवळी केबल

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून वाचत आलो. बऱ्याचदा हसलोही. बाहेरचं, करणी, आत्मा... यातल्या कशाशीच माझा संबंध नव्हता. सतरा वर्षं नेटवर्किंगच्या धंद्यात आहे. माझ्या धंद्यात एक तर दिवा लागतो नाहीतर लागत नाही. लागत नसेल तर त्याला कारण असतं. सापडायला वेळ लागतो, पण असतं.

म्हणून एक विनंती. खाली "पॅकिंगची चूक असेल" किंवा "मनाचे खेळ" असं लिहिणार असाल, तर आधी पूर्ण वाचा. मी हे करमणुकीसाठी लिहीत नाही. मला राग आलेला आहे. सगळ्यात जास्त माझाच, आणि थोडा अशा माणसांचा, ज्यांना खरं समोर आणून दिलं तरी नको असतं. माझ्यामुळे एका बाईची नोकरी गेली, नाव गेलं. तिचं काही परत करता येतं का, एवढाच प्रश्न आहे.

माझं दुकान नगरला, सावेडीत. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.) छोट्या लॅब, क्लास, दवाखाने, लॉज यांना नेटवर्क बसवून देतो. नवं सामान सगळ्यांना परवडत नाही. म्हणून मी वापरलेले स्विच आणि राउटर ऑनलाइन मागवतो. दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई इकडच्या मोठ्या कंपन्या जुना माल काढतात, तिथले विक्रेते तो साफ करून वेबसाइटवर टाकतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल ज्या एका डब्यात येऊन मिळतात, तो डबा. केबल खुपसायच्या त्याच्या खाचा म्हणजे पोर्ट.

यात वाईट काही नाही. चांगला जुना स्विच दहा वर्षं चालतो. वाईट हे, की मी तो नवा म्हणून द्यायचो. हेअर ड्रायरने जुन्या कंपनीचं स्टिकर सैल करायचं, पेट्रोलच्या बोळ्याने गोंद पुसायचा, वरून गाडीच्या डॅशबोर्डला मारतात ते पॉलिश. तिसगावला एका शिक्षण संस्थेच्या कॉम्प्युटर लॅबला मी असाच एक चोवीस पोर्टचा स्विच "नवा" म्हणून दिला होता. त्याचा आतला पॉवर सप्लाय अशक्त आहे, हे मला माझ्या टेबलावरच कळलं होतं. दोन तास चालला की तवा तापावा तसा तापायचा. चालवून घेऊ म्हटलं.

त्या लॅबची किल्ली शमीमभाभींकडे असायची. लॅब अटेंडंट. कॉन्ट्रॅक्टवर. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन झाडून घ्यायच्या, मशीन सुरू करायच्या. मी गेलो की चहा मागवायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, ह्या डब्यात येवढे दिवे लुकलुकत्यात, त्यातला आपल्या सायबाचा कुठला?" मी दाखवायचो.

गेल्या वर्षी तिथे टायपिंगची ऑनलाइन परीक्षा होती. दुसऱ्या बॅचला, ऐन परीक्षेत, सगळी लॅब बंद पडली. मला फोन आला. करंजीचा घाट कसा ओलांडला आठवत नाही. पोचलो तेव्हा मुलं व्हरांड्यात बसलेली, काही मुली रडत होत्या. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते फोनवर कुणाच्या तरी विनवण्या करत होते. मी एकटाच लॅबमध्ये गेलो, भिंतीवरची लोखंडी पेटी उघडली. जळका वास आला. स्विचला हात लावला नि झटक्यात मागे घेतला.

कारण मला माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला – नवा स्विच असा कसा जातो?

माझ्या बॅगेत मीच बनवलेली एक वीतभर पिवळी केबल होती. हात आपोआप तिकडे गेला, असं मी आत्ता लिहिलं होतं. खोडलं. हात आपोआप जात नाही. मी विचार करून केलं, अर्ध्या मिनिटात केलं. एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचच्या दोन पोर्टमध्ये खुपसली, तर डेटा आतल्या आत गरगर फिरत राहतो आणि पूर्ण नेटवर्क बसतं. आमच्या भाषेत लूप. मी ती केबल पहिल्या आणि दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, आप्पांना आत बोलावलं आणि बोटाने दाखवलं. म्हणालो, कुणीतरी हे करून ठेवलंय, त्याने स्विच जळाला.

आप्पांनी एवढंच विचारलं, "किल्ली कुणाकडं असती?"

शमीमभाभी दारातच उभ्या होत्या. किल्ली ओढणीच्या टोकाला बांधलेली. त्या म्हणाल्या, "आप्पा, मी कशाला असलं करीन? माझी पोरगी बसलीया हितं परीक्षेला."

"म्हणूनच," आप्पा म्हणाले. "तयारी नसंल झाली पोरीची."

हे मी विसरू शकत नाही. माझ्या खोट्याला कारणसुद्धा दुसऱ्याने पुरवलं, आणि मी गप्प राहिलो. गाडीतून दुसरा स्विच आणून बसवला. आप्पांनी पंचनामा लिहिला. ती केबल खाकी पाकिटात घातली, वरून चिकटपट्टी मारली, आणि पट्टीवरून आडव्या तीन सह्या – आप्पांची, माझी आणि शमीमभाभींची. सही केली नाही तर पोलिसात देऊ, असं त्यांना सांगितलं होतं. पाकीट कपाटात कुलूपबंद झालं, शमीमभाभींना कामावरून काढलं. त्या बॅचची परीक्षा रद्द झाली, मुलांना नंतर पाथर्डीला जावं लागलं. शमीमभाभींची मुलगी गेली नाही. गावात तिला "परीक्षा पाडणारी" म्हणायला लागले होते.

मी दुकानात आलो आणि कामाला लागलो. झोपही लागायची. हेही लिहून टाकतो.

दिवाळीनंतर जामखेडच्या एका रक्त तपासणीच्या लॅबसाठी मी दिल्लीहून स्विच मागवला. सकाळी अकराच्या सुमारास पार्सल आलं. दुकानात माझी बायको वंदना होती, बिलं तीच बघते. पट्टी कापली, बबल रॅप सोडलं... स्विचच्या पहिल्या आणि दुसऱ्या पोर्टमध्ये वीतभर पिवळी केबल लावलेली.

पहिल्यांदा फक्त चिडलो. माल तपासून पाठवत नाही म्हणजे काय! विक्रेत्याला फोन लावून नको ते बोललो. तो थंड होता. म्हणाला, "भाईसाब, हम हर पार्सल का पॅकिंग व्हिडिओ बनाते हैं. देख लो, फिर गाली देना." व्हिडिओ आला. तोच स्विच, तोच सिरीयल नंबर, चोवीसही पोर्ट रिकामे. एकाच शॉटमध्ये रॅप, खोका, पट्टी. मी म्हटलं, व्हिडिओ एकाचा आणि माल दुसऱ्याचा. पण नंबर तर माझ्या हातातल्या स्विचवर तोच होता.

केबल कचऱ्याच्या डब्यात टाकायला हातात घेतली आणि प्लगकडे लक्ष गेलं. धंदा सुरू केला तेव्हा घेतलेलं क्रिंपिंग टूल मी अजून वापरतो – केबलला प्लग दाबून बसवायचं, पकडीसारखं अवजार असतं ते. त्याच्या जबड्याचा एक कोपरा तुटलेला आहे. त्यामुळे मी बनवलेल्या प्रत्येक प्लगच्या पारदर्शक प्लास्टिकवर एक तिरका ओरखडा उठतो. हिच्या दोन्ही टोकांना तो ओरखडा होता.

मी स्वतःला समजावलं, टेबलावरच माझी एखादी पडली असेल, उघडताना आत गेली असेल. पोर्टमध्ये खटकन बसलेली केबल आत "गेली असेल"! माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो. ती केबल दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेली. गाडीत पडताना मी बघितली.

दुसरं पार्सल महिन्याभराने, बेंगळुरूच्या वेगळ्याच विक्रेत्याकडून. भंडारदऱ्याच्या एका लॉजसाठी. या वेळी मी व्हिडिओ काढला. टेबल पूर्ण रिकामं केलं. वंदनाने मोबाईल धरला, मी बाह्या वर करून खोका कापला. मला जादूगारासारखं वाटत होतं, आणि त्याचाच राग येत होता. रॅप सुटलं. पहिल्या आणि दुसऱ्या पोर्टमध्ये पिवळी केबल. तोच ओरखडा. विक्रेत्याच्या व्हिडिओत पोर्ट रिकामे.

मी फोनवर त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. वंदना शांतपणे म्हणाली, "कुरियरवाल्याला शिव्या झाल्या, दुकानदाराला झाल्या. आता केबललाच द्यायच्या राहिल्यात. ती तरी का सोडताय?"

मी तिला तिसगावचं काहीच सांगितलं नव्हतं. त्या केबलला मधोमध लाल इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले, त्यावर मार्करने माझी आद्याक्षरं लिहिली, आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली. किल्ली माझ्या गाडीच्या किल्लीला. म्हटलं, आता बघू.

तिसरं पार्सल चेन्नईचं होतं. खरं म्हणजे मागवायची इच्छा नव्हती, पण लोकांची कामं अडली होती. पुन्हा दिवसाढवळ्या, दुकान उघडं, रस्त्यावर ट्रॅफिक, समोर रसवंतीची घुंगरं वाजतायत. खोका उघडला. केबल होती. तिच्या मधोमध लाल टेपचे दोन वेढे होते आणि त्यावर माझं अक्षर.

वंदनाने माझ्या खिशातून किल्ली घेतली, कुलूप काढलं, ड्रॉवर ओढला. आत स्टेपलर होता, जुन्या पावत्या होत्या. केबल नव्हती.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त एक संताप आला, जसा पकडल्या गेलेल्या माणसाला येतो. कुणीतरी मला छळतंय, असं मी ओरडलो. वंदनाने विचारलं, "तुम्ही केलंय काय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईला माहितीये का हे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केबल शर्टच्या खिशात घालून मी तिसगावला गेलो. आधी आप्पांकडे. ऑफिसमध्ये ते एकटेच होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं – स्विच जुना होता, केबल मी लावली होती, शमीमभाभींचा काही संबंध नाही.

आप्पांनी दार लोटून घेतलं. मला वाटलं, मारतील. तेवढं तरी व्हायला हवं होतं. ते म्हणाले, "संजयभाऊ, मिटलंय ते. वर रिपोर्ट गेलाय. आता उकरून काय मिळणार? संस्थेचं नाव जाईल, तुमचं दुकान बंद होईल. तिला तरी काय, दुसरीकडं लागली ती कामाला."

मी म्हटलं, तरी मला लिहून द्यायचंय. ते वैतागले. "काय लिहून देता? पुरावा हाय आपल्याकडं," म्हणत त्यांनी कपाटातून पंचनाम्याचा कागद आणि ते खाकी पाकीट काढून टेबलावर आपटलं.

चिकटपट्टी जशीच्या तशी. तिच्यावरून आडव्या तिन्ही सह्या अखंड, कागदावरून पट्टीवर आणि पट्टीवरून कागदावर, कुठेही रेष तुटलेली नाही. मी पाकीट उचललं. फार हलकं लागलं. आप्पांच्या समोर, त्यांच्याच कात्रीने मी ते वरून कापलं.

आत काही नव्हतं.

आप्पांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटं करून झटकलं, उजेडाकडे धरून आत बघितलं. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. मग ते काय म्हणाले माहितीये?

"तिनंच काढून नेली असंल."

सीलबंद पाकीट, कुलूपबंद कपाट, त्या बाईने वर्षभरात संस्थेची पायरी चढलेली नाही, तरीही तीच! मी खिशातली केबल काढून त्यांच्यासमोर ठेवली. ती माझ्याकडे कशी आली तेही सांगितलं. ते खुर्चीत मागे सरकले आणि म्हणाले, हे बाहेर कुठं बोलू नका. पंचनाम्याच्या कागदावर खाली जागा होती. ही केबल मी लावली, शमीमभाभी निर्दोष आहेत, असं मी तिथे लिहिलं, सही केली, मोबाईलवर फोटो काढला. ते थांबवायला उठले नाहीत. केबलला हात लावायची तर त्यांची तयारीच नव्हती. "घेऊन जा ती," एवढंच म्हणाले.

शमीमभाभी गावाबाहेरच्या कांद्याच्या वखारीत निवडायला जातात. दहा-बारा बाया पोत्यांवर बसल्या होत्या, सडका कांदा बाजूला काढत. मला बघून त्यांचे हात थांबले, पण त्या उठल्या नाहीत. मी म्हटलं, भाभी, जरा बाजूला येता का, बोलायचंय.

"बाजूला नगं," त्या म्हणाल्या. "जे सांगायचं ते हितंच सांगा. मोठ्यानं. तवा समद्यांसमोर सांगितलं हुतं ना, भाऊ?"

मी सांगितलं. कांद्याच्या ढिगापुढे उभा राहून, सगळं, पहिल्यापासून. डोळे चुरचुरत होते, पण ते कांद्यामुळे. रडायचा हक्क मला नव्हता. मध्येच एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, चांगल्या घरचा दिसतोय की." कुणीतरी हसलं. बोलून झालं तेव्हा शमीमभाभी खालीच बघत होत्या.

मग त्यांनी हात पुढे केला. "बघू."

मी केबल दिली. त्यांनी ती ओढणीला पुसली, दोन्ही टोकं बोटांनी चाचपून बघितली. उन्हात धरली.

"ही व्हय ती," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा हातात घ्यायला गावली. त्या दिवशी तुमी लांबूनच दाखवली हुती."

मला तिथे उभं राहवेना. मी म्हटलं, आप्पांना मी लिहून दिलंय, त्याचा फोटो तुम्हाला पाठवतो, तुमच्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म मी स्वतः... त्यांनी थांबवलं.

"फोटू पाठवा. तो मी पोरीला दावीन, आन् गावालाबी. फॉर्मचं आमचं आमी बघू." केबल त्यांनी ओढणीच्या टोकाला बांधली, जिथे पूर्वी लॅबची किल्ली असायची. "आन् ही आता माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं ठिवली तर आनखी कुनाच्या नावावर लावाल."

त्या पुन्हा कांदा निवडायला लागल्या.

त्यांना नोकरी परत मिळाली नाही. आप्पांनी तिथे केव्हाच दुसरं माणूस घेतलंय. संस्थेने माझं काम काढून घेतलं, ते योग्यच झालं. मुलीने पाथर्डीच्या केंद्रातून फॉर्म भरला, हे मला बाहेरून कळलं. फोटो मी पाठवला होता. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. येऊही नये.

आता मी जुना माल जुना म्हणूनच देतो. काही गिऱ्हाइकं गेली. त्या दिवसानंतर पाच-सहा पार्सलं आली, सगळी व्हिडिओ काढून उघडली, सगळे पोर्ट रिकामे. माझे व्हिडिओ, विक्रेत्यांचे व्हिडिओ, कापलेलं पाकीट, सगळं जपून ठेवलंय. एका इंजिनिअर मित्राला दाखवलं. तो म्हणाला, तूच झोपेत करत असशील. बरं. चेन्नईहून पट्टी मारून आलेल्या खोक्यात मी झोपेत केबल कशी लावतो? आणि सह्या न फाडता पाकिटातून काढतो कशी? त्याने विषय बदलला. कुणाला खरंच काही सुचलं तर सांगा. मला काही सुचलेलं नाही.

एक शेवटचं. मागच्या आठवड्यात शेवगावच्या एका क्लासमधून फोन आला, सगळं नेटवर्क बसलंय. गेलो, पेटी उघडली. खरोखरचा लूप होता. निळी केबल, दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. मी प्लग उजेडात धरला, ओरखडा नव्हता. मालकाने मागून विचारलं, "कुणी लावली ओ?" लॅब सांभाळणारा माणूस दारात किल्ली घेऊन उभा होता. माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हटलं, केबलवरून ते कळत नाही.

ते खरं आहे. सतरा वर्षांत मला फक्त एकाच केबलवरून कळलं. आणि ती माझ्याकडे कशी येत राहिली, ते आजही कळलेलं नाही.